ज्याला उद्या कळत नाही, त्याचा उपचार

(चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं, पण आजचा विषय कुठल्या ग्रंथानं दिलेला नाही, घरातल्या कुत्रीनं दिलेला आहे. आणि आज ‘आम्ही’ म्हणतो ते आदरार्थी नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. या प्रकरणात एकट्यानं काहीच झालं नाही, म्हणून सगळं ‘आम्ही’नंच सांगतो.

चंपी आमची गावठी कुत्री. जटपुरा गेटजवळ पावसात सापडली, तेव्हा वर्ष-दीड वर्षाची असावी. मागच्या होळीनंतर तिला शिंका यायला लागल्या, आणि एके दिवशी शिंकेबरोबर फरशीवर रक्ताचे थेंब पडले. आधी गोचीड तापाची औषधं झाली. त्यात चूक कुणाची नव्हती. आपल्या भागात कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की पहिला संशय गोचीड तापाचाच येतो आणि बहुधा तो खरा असतो. पण तीन आठवड्यांनी नाक एका बाजूनं सुजलं. डॉक्टर म्हणाले, “सर, नागपूरला दाखवा. आत गाठ असेल असं वाटते.”

योगायोग असा की आमच्या भाच्याच्या कुत्र्याला, तिकडे अमेरिकेत, दोनच वर्षांपूर्वी नाकाचाच कर्करोग झाला होता आणि त्यांनी त्याला किरणोपचार दिले होते. आम्ही रात्री भाच्याला फोन लावला. आज जे सांगणार आहोत त्यातलं निम्मं त्या फोनवरचं आहे.

किरणोपचार म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्याकडे जुनी माणसं याला ‘शेक देणं’ म्हणतात. शब्द छान आहे, पण त्यात उष्णता जाणवत नाही. एक्स-रेसारखेच, पण फार जास्त शक्तीचे किरण गाठीवर नेमके सोडतात. ते पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचे तुकडे करतात. पेशी लगेच मरत नाही. विभागायला जाते तेव्हा मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या विभागतात आणि झालेली मोडतोड त्यांना नीट दुरुस्त करता येत नाही. निरोगी पेशींना ती बऱ्यापैकी करता येते, पण त्यासाठी त्यांना वेळ द्यावा लागतो. म्हणून सगळी मात्रा एकदम न देता तुकड्या-तुकड्यानं देतात. रोग आटोक्यात आणायचा असेल तर साधारण १५ ते २० वेळा, आठवड्यातले पाच दिवस. नुसता त्रास कमी करायचा असेल तर थोड्या वेळा, पण दर वेळी मोठी मात्रा. नाकाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून तिथे हाच मुख्य उपचार. उपचार न केल्यास असा कुत्रा बहुधा काही महिनेच जगतो. किरणोपचारानंतर पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष मिळतं. कायमचा बरा होणं विरळाच.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि आमच्या मते सगळा विषय तिच्यात आहे. माणसाला किरणोपचार देताना भूल देत नाहीत. “हलू नका” एवढं सांगितलं की पुरतं, कारण त्याला दुखत काहीच नाही. कुत्र्याला मात्र प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते. २० वेळा उपचार म्हणजे २० वेळा भूल. का? किरणांनी दुखतं म्हणून नव्हे. “हलू नकोस, हे तुझ्या भल्यासाठी आहे” हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायला आपल्याकडे भाषा नाही, म्हणून.

कुणी म्हणेल, लहान मुलांनाही अशीच भूल देतात. खरं आहे. आईवडील मुलाच्या वतीनं ठरवतात. पण मूल मोठं होतं आणि एक दिवस विचारतं, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत? त्याला उत्तर देता येतं. कुत्रा कधीच विचारणार नाही. ‘आज सोस, उद्या बरं वाटेल’ हा हिशेब आपल्या वहीत आहे, त्याच्या वहीत नाही. त्याच्याकडे आजचा दिवस आहे.

म्हणून “आमचा कुत्रा कर्करोगाशी झुंज देतोय” हे वाक्य आम्हाला पटत नाही. तो कशाशी झुंजत नाही. त्याला आज नाकानं श्वास घेता येतो की नाही, भाकरीचा वास येतो की नाही, एवढंच त्याला ठाऊक. झुंज आपली असते आणि घाव त्याच्या अंगावर पडतात. हे मान्य केलं की आपलं काम स्पष्ट होतं. उद्याचा हिशेब आपण करायचा, पण त्याची किंमत म्हणून त्याचा आज असह्य होऊ द्यायचा नाही.

हे काम रोजच्या व्यवहारात कसं दिसतं, ते भाच्याच्या घरावरून सांगतो. भुलेसाठी रात्रीपासून उपाशी ठेवायचं. पाणी कधीपर्यंत द्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची, म्हणजे उपास लांबत नाही. कातडीवर खुणा केल्या असतील तर त्या धुवायच्या नाहीत. उपचाराच्या जागी मनानं हळद, तेल, मलम काही लावायचं नाही, आणि ती जागा उन्हापासून जपायची. खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायची. तोंड आलं की जेवण मऊ आणि कोमट करायचं. आणि हो, बाहेरून दिलेल्या किरणांनी कुत्रा किरणोत्सर्गी होत नाही. घरातल्या लेकरांनी त्याला खुशाल मिठी मारावी.

सगळ्यात महत्त्वाचं हे. त्रास सुरुवातीला दिसतच नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड येतात, लाळ चिकट होते, कातडी लाल होऊन सोलते. आणि उपचार संपल्यावर तो त्रास आठवडा-दोन आठवडे वाढतच जातो. मग हळूहळू भरून येतो. भाचा म्हणाला, “मामा, शेवटच्या दिवशी आम्ही पेढे वाटले आणि पुढच्या आठवड्यात रडत बसलो.” कुणी आधी नीट सांगितलं नाही तर माणूस नेमका तिथेच खचतो. त्या दिवसांत वेदनाशामक औषध वेळेवर द्यायचं. दुखायला लागल्यावर द्यायचं नाही. पुढे त्या जागचे केस उगवले ते पांढरे. डोळा किरणांच्या वाटेत असेल तर तो कोरडा पडतो, पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो.

आता चंपीकडे येऊ. जनावरांसाठी किरणोपचाराची सोय आपल्या देशात दुर्मीळ आहे. त्या रात्री फोन ठेवला तेव्हा आम्हाला कळून चुकलं होतं की नाकाचा नेहमीचा कर्करोग निघाला तर आपल्या हातात फार काही नाही. दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला निघालो ते पहाटे पाचला, कारण चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तिथे गाठीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. निघाला वेगळाच कर्करोग: टीव्हीटी.

हा मोकाट कुत्र्यांमध्ये आपल्याकडे नेहमी दिसणारा, समागमातून पसरणारा कर्करोग. हुंगण्या-चाटण्यातून कधी नाकातही होतो. कर्करोग सहसा संसर्गजन्य नसतो. हा आहे, आणि तोही विषाणूमुळे नव्हे. गाठीतली जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते आणि तिथे वाढते. जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की काही हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशींची ही अखंड परंपरा आहे. तो कुत्रा केव्हाच मातीत गेला. त्याच्या पेशी चंपीच्या नाकात होत्या. माणसाला हा रोग लागत नाही. निर्बीजीकरण केलं की त्याचा प्रसार बराच रोखता येतो.

आणि हा कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो. किरणांना तो चांगला दाद देतो, पण सहसा त्यांची गरजच पडत नाही. व्हिनक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, चार ते सहा वेळा दिलं की पुरतं. हे औषध निघतं सदाफुलीपासून. आमच्या अंगणात ती आहेच. पण ऐकून कुणी पानांचा काढा करू नका. ती पानं विषारी असतात. ते औषध शिरेतच जावं लागतं, थेंबभर बाहेर सांडलं तरी आसपासचं मांस जळतं. दर वेळी आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत ना ते पाहतात. पुढचे काही दिवस तिची शी-शू हातमोजे घालून काढायची.

चंपीला सहा इंजेक्शनं झाली. दुसऱ्यानंतर रक्त थांबलं. तिसऱ्यानंतर दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. तेव्हा आम्ही दोघं भांडलो. एक म्हणे, पुरे आता. एक म्हणे, अर्ध्यावर सोडायचं नाही. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या होत्या.

भांडण मिटवलं कालनिर्णयनं. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरनं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी आजारी जनावरांसाठी सात बाबींची एक मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. आम्ही ती घरगुती केली. चंपीच्या आवडीच्या पाच गोष्टी लिहिल्या: सकाळचं फिरणं, दूधभात, दूधवाल्यावर भुंकणं, कडुनिंबाखाली लोळणं, फाटक वाजलं की धावत येणं. रोज रात्री पाचांपैकी किती झाल्या तो आकडा तारखेच्या चौकोनात. आठवडाभर दोनच्या खाली राहिलं तर थांबायचं, हे आधीच ठरवलं. आधीच, म्हणजे मन शांत असताना. वाईट दिवशी घेतलेला निर्णय त्या दिवसाचा असतो, कुत्र्याचा नसतो. त्या आठवड्यात दोन भोपळे होते, मग तीन, चार, चार.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ज्या जिल्ह्यातून माणसं बापाच्या कर्करोगासाठी शेत विकून नागपूरला जातात, तिथे कुत्र्यावर खर्च? प्रश्न खरा आहे, त्यावर चिडू नये. आमचं उत्तर असं: महागडा उपचार करणं हे कुणाचंही कर्तव्य नाही. किरणोपचार परवडले नाहीत, दूर पडले, म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. पण वेदना कमी करणं हे कर्तव्य आहे, आणि वेदनाशामक गोळ्या पुष्कळांना झेपतात. उपचार थांबवणं आणि कुत्र्याला सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाभारतात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात अडून बसतो, कुत्र्याला सोडून येणार नाही म्हणतो. त्याला तो काही अमर करत नाही, फक्त सोडत नाही. आणि आपले नामदेव, कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्याला कोरडी लागेल म्हणून. एकानं साथ सोडली नाही, दुसऱ्यानं त्याच्या घशाचा विचार केला. आजारी कुत्र्याला आपल्याकडून या दोनच गोष्टी हव्या असतात, उपचार होवो की न होवो.

भाच्याचा कुत्रा किरणोपचारानंतर चौदा महिने जगला. त्यातले बारा चांगले होते, असं तो म्हणतो. मग गाठ परतली. दुसऱ्यांदा त्यांनी उपचार केले नाहीत, वेदना वाढल्यावर डॉक्टरांना घरी बोलावून त्याला शांतपणे झोपवलं. चंपी बरी आहे. आत्ता घरी फाटकाशी बसली असेल. आज रात्रीचा आकडा अजून लिहायचा आहे, त्यामुळे प्रश्न असतील तर लवकर विचारा.