माणसाचे बेणे

भविष्यकाळातील एखाद्या निष्ठुर राज्यात वाढणारा क्लोन मुलगा हा अलीकडच्या कादंबऱ्यांचा आणि चित्रपटांचा आवडता विषय आहे. काझुओ इशिगुरो यांच्या २००५ सालच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीत अशी मुले एका चांगल्या वसतिशाळेत वाढतात, चित्रे काढतात, एकमेकांवर जीव लावतात. आणि मोठी झाली की परक्यांसाठी आपले अवयव एकामागून एक देऊन संपून जातात. वाचताना अंगावर काटा येतो. तो नेमका कशामुळे येतो, हे पाहावयाचे तर प्रथम क्लोन म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

कोल्हापूरकराला त्यासाठी उसाच्या मळ्याचा बांध पुरेसा आहे. ऊस आपण बी पेरून करीत नाही. बेणे तोडून कांड्या लावतो. कांडीवरचा डोळा फुटतो आणि जो ऊस उभा राहतो तो मूळ उसाचाच तुकडा असतो, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नसतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने काढलेली को ८६०३२ ही जात आपल्या जिल्ह्यात जागोजाग लावलेली आहे. ते सारे फड म्हणजे मुळात एकाच रोपाचे क्लोन होत. (आमच्याकडे ‘बेणं’ हा शब्द वात्रट पोरालाही लावतात, तो येथे अगदीच अस्थानी नाही.) तथापि एकच बेणे नदीकाठच्या मळीत आणि माळावरच्या मुरमाड रानात लावून पाहावे. एकरी उतारा सारखा पडत नाही, हे सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाही.

प्राण्यांची अशी कांडी लावता येत नाही. तेथे शरीरातील एका पेशीचे केंद्रक घेऊन, ज्याचे स्वतःचे केंद्रक काढून टाकले आहे अशा अंड्यात ते बसवावे लागते, आणि तो गर्भ एखाद्या मादीच्या उदरात वाढवावा लागतो. स्कॉटलंडमध्ये जुलै १९९६ मध्ये जन्मलेली डॉली मेंढी हा प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून झालेला पहिला सस्तन प्राणी. अशा २७७ प्रयत्नांतून ती एकटी जगली. आपल्याकडे कर्नाल येथे २००९ साली झालेले पहिले क्लोन रेडकू आठवडाभरही टिकले नाही; पुढची जगली. माणसाचे असे मूल झाल्याचे कोठेही सिद्ध झालेले नाही, आणि भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याला मनाई आहे.

समजा, झालेच, तरी ते तान्हे बाळच असणार. मूळ माणसाच्या आठवणी, विद्या, सवयी यांतले काहीही त्याच्यापाशी नसणार. ते त्या माणसाचे उशिरा जन्मलेले जुळे भावंड, एवढेच. जुळ्या भावंडांच्या तर बोटांचे ठसेसुद्धा निराळे असतात. तेव्हा भीती सारखेपणाची नव्हे. मूल जन्माला येण्यापूर्वीच ते कशासाठी हवे हे दुसऱ्यांनी ठरवून ठेवावे, ही ती भीती होय.

आणि हे ठरविणे काही प्रयोगशाळेची वाट पाहत थांबलेले नव्हते. कोल्हापूरच्या गादीने ते पाहिले आहे. १८७० साली राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना पुत्र नव्हता. पुढच्या वर्षी भोसले कुळातील नारायणराव हा लहान मुलगा दत्तक घेण्यात आला आणि त्याचे शिवाजी झाले. नाव, घर, दिनक्रम, शिक्षक, सारे इतरांनी नेमून दिले. मुलगा ठरल्या साच्यात बसेना, तेव्हा त्याला वेडा ठरविण्यात आले. त्याच्या छळाविषयी लिहिल्यावरून टिळक-आगरकरांवर दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीचा खटला झाला आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. चौथे शिवाजी महाराज मात्र सुटले नाहीत. कोल्हापूरपासून दूर, अहमदनगरच्या किल्ल्यात, २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

तीन महिन्यांच्या आत, १७ मार्च १८८४ रोजी, त्याच रिकाम्या जागेसाठी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचे यशवंतराव आणण्यात आले. त्यांचेही नाव बदलले; तेच शाहू महाराज. क्लोनमध्ये रक्त एक आणि रान निराळे. येथे रक्त निराळे आणि जागा एक. इंग्रज सरकारची अपेक्षाही तीच, की गादीवर शहाणा, सोईचा राजा असावा. पण या मुलाचे जनक वडील आबासाहेब घाटगे त्या वेळी कोल्हापुरातच रीजंट होते, आणि शिकावयास राजकोट व धारवाड येथे जाताना धाकटा भाऊ बापूसाहेब बरोबर होता. ज्याला आपण काही उपयोगाचे आहो वा नाही हे न विचारता जवळ घेणारे माणूस असते, तो मुलगा पुढे नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊ शकतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखल्या गेल्या. ज्यांनी त्यांना घडवावयास घेतले त्यांच्या आराखड्यात हे खचित नव्हते. आपुलकी हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. परंतु ते वगळून या दोन आयुष्यांचा हिशेब लागत नाही.

आज हा प्रश्न पुन्हा उंबऱ्याशी आला आहे, आणि तोही क्लोनविना. अहमदाबादच्या एका कुटुंबात मुलाला थॅलेसेमिया होता. आईबापांनी प्रयोगशाळेत अनेक गर्भ तपासून, त्याच्याशी जुळणारा निरोगी गर्भ निवडला. २०१८ साली मुलगी झाली आणि २०२० साली तिची अस्थिमज्जा भावाला देण्यात आली. तो बरा झाला. मज्जा शरीरात पुन्हा तयार होते, म्हणून येथे फारसे अडले नाही. मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तीनुसार नियमांत नमूद केलेले अपवाद सोडता जिवंत अल्पवयीन मुलाचा अवयव काढता येत नाही. मग ते मूल कोणत्या हेतूने जन्माला घातलेले असो, आणि आईबापांची संमती असो.