सेंट जेम्स पार्क: खुर्च्या वाढवायच्या, पण कुठे आणि कुणासाठी?

सेंट जेम्स पार्कचं हवाई छायाचित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ठेकेदार अर्ध्यातच काम टाकून पळाला असावा. पश्चिमेची आणि उत्तरेची बाजू उंच चढलेली, त्यांच्यावर खांबांशिवाय पुढे झेपावलेलं प्रचंड छत. पूर्वेची आणि दक्षिणेची बाजू मात्र त्यांच्यापुढे अगदीच बुटकी. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठी वसलेल्या न्यूकॅसल शहराचं हे फुटबॉल मैदान. 52 हजारांवर प्रेक्षक बसतात, सामन्याच्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नसते आणि बाहेर तिकीट न मिळालेल्यांची संख्या वाढतेच आहे. मग उरलेल्या दोन बाजू चढवायला काय हरकत आहे? हरकत एका बाजूला दोनशे वर्षांपूर्वीच्या घरांची आहे आणि दुसऱ्या बाजूला जमिनीखालून जाणाऱ्या मेट्रोची.

बरेच मोठे इंग्लिश क्लब एकेक करून जुनी मैदानं सोडून शहराबाहेर, गोदीकाठी किंवा बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीवर गेले. शेजारच्या संडरलंडने 1997 मध्ये जुनं रोकर पार्क सोडून बंद झालेल्या कोळसा खाणीच्या जागेवर नवं स्टेडियम बांधलं. एव्हर्टनने 2025 मध्ये गुडिसन पार्कचा निरोप घेतला आणि मर्सी नदीच्या गोदीत बिऱ्हाड हलवलं. न्यूकॅसलचं मैदान मात्र भर शहरात, उंचवट्यावर उभं आहे. रेल्वे स्टेशनवर उतरायचं, ग्रेंजर टाऊनच्या दगडी इमारतींमधून चालायला लागायचं, की पंधरा-वीस मिनिटांत मैदानाचं दार. शहराच्या बऱ्याच भागांतून मान वर केली तरी ते छत दिसतं. सामना असलेल्या शनिवारी बाजारपेठेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट सोडून दुसरं काही दिसत नाही. लिव्हरपूल आणि मँचेस्टरला दोन-दोन मोठे क्लब आहेत, इथे तीन लाखांच्या शहराला एकच. (संडरलंड जेमतेम वीस किलोमीटरवर आहे; पण त्यांना यात धरणं दोन्ही गावांतल्या कुणालाच मान्य होणार नाही.)

या जागेवर 1880 पासून फुटबॉल खेळला जातोय. तेव्हा ते उतारावरचं चराऊ कुरण होतं आणि उतार इतका की उत्तरेच्या टोकापेक्षा दक्षिणेचं टोक तब्बल 18 फूट खाली. दक्षिणेच्या बाजूला गॅलोगेट म्हणतात, कारण एके काळी कैद्यांना फासावर चढवायला त्या रस्त्याने नेत. 1892 मध्ये शहरातल्या ईस्ट एंड आणि वेस्ट एंड या दोन क्लबांचं मिळून न्यूकॅसल युनायटेड झालं आणि मुक्काम इथेच पडला. जमीन क्लबच्या मालकीची तेव्हा नव्हती, आजही नाही. ती महापालिकेकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. तिला लागून टाऊन मूर हे शहराचं विशाल माळरान पसरलेलं आहे. क्षेत्रफळ हजार एकरांच्या आसपास, म्हणजे लंडनच्या हाइड पार्कपेक्षा किती तरी मोठं. या माळावर गाई चारण्याचा हक्क शहराच्या ‘फ्रीमन’ मंडळींकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. आजही तिथे गाई चरताना दिसतात आणि जूनमध्ये ‘हॉपिंग्ज’ नावाची मोठी जत्रा भरते. क्लब, महापालिका आणि फ्रीमन असे तिघे जिथे सामील आहेत तिथे एक वीटही सहज हलत नाही.

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. 1966 च्या विश्वचषकाचे सामने या मैदानावर व्हायचे होते. मैदान सुधारायचं तर भाडेपट्टा लांबवून हवा, आणि त्यावरून क्लबचं नि महापालिकेचं काही केल्या जमेना. शेवटी सामने मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर गेले. उत्तर कोरियाने इटलीला घरी पाठवलं तो जगप्रसिद्ध सामना तिथे झाला. तो न्यूकॅसलचा होता, असं इथले जुने लोक आजही हळहळत सांगतात.

आता त्या दोन बुटक्या बाजूंकडे वळू. पूर्वेला ईस्ट स्टँड, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला. त्याच्या पाठीला अक्षरशः पाठ लावून लीझेस टेरेस ही दगडी घरांची देखणी रांग उभी आहे. बांधकाम 1829 ते 1834 या काळातलं. विकसक रिचर्ड ग्रेंजर, वास्तुरचनाकार टॉमस ऑलिव्हर. इंग्लंडच्या वारसा यादीत तिला सर्वोच्च म्हणजे पहिला दर्जा आहे. स्टँड वर चढवला तर या घरांचा उजेड जातो, आणि उजेडाचा हक्क तिथे कायद्याने मिळतो. मैदान आधी की घरं आधी, असा वाद घालायलाही जागा नाही. घरं पन्नास वर्षांनी आधीची आहेत.

दक्षिणेला गॅलोगेटमागे स्ट्रॉबेरी प्लेस नावाचा रस्ता आणि त्याखाली 1982 मध्ये सुरू झालेलं सेंट जेम्स मेट्रो स्थानक. इथे वाढायचं तर रस्त्यावरून पुढे यावं लागेल आणि पाया बोगद्याला धक्का न लावता घालावा लागेल. काम अवघड आहे, पण अशक्य नाही. 2007 मध्ये क्लबने क्षमता 60 हजारांवर नेण्याची योजना जाहीरही केली होती. त्याच वर्षी माइक अ‍ॅश्ली या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने क्लब विकत घेतला आणि योजना कपाटात गेली. अ‍ॅश्लींच्या काळात 2019 मध्ये गॅलोगेटमागची मोकळी जमीनही विकून टाकण्यात आली. नव्या मालकांनी 2023 मध्ये ती परत मिळवली.

इतकी गर्दी येते कुठून, आणि ती टिकणार का, हा पुढचा प्रश्न. जुना उच्चांक आहे 68,386. तारीख 3 सप्टेंबर 1930, समोर चेल्सी. गर्दी चेल्सीसाठी नव्हती. 1927 मध्ये न्यूकॅसलला लीग जिंकून देणारा कर्णधार ह्यूई गॅलाकर नुकताच चेल्सीला विकला गेला होता आणि त्याला पाहायला शहर लोटलं होतं. तेव्हा लोक उभ्याने सामने पाहत. पुढे दोन दुर्घटनांनी इंग्लिश मैदानांचा चेहरा बदलला. 1985 च्या ब्रॅडफर्डच्या मैदानावरच्या आगीत 56 माणसं गेली आणि सुरक्षेसाठी न्यूकॅसलचा जुना पश्चिम स्टँड पाडावा लागला. त्याच्या जागी जॅकी मिलबर्न या लाडक्या खेळाडूच्या नावाचा स्टँड आला. 1989 मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत 97 जणांचा बळी गेल्यावर प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. उभ्याची गर्दी बसवायची म्हणजे क्षमता कमी होणारच. 1990 च्या दशकाच्या मध्याला इथे साडेछत्तीस हजारांच्या आसपास खुर्च्या होत्या. आणि नेमक्या त्याच वर्षांत प्रशिक्षक केव्हिन कीगनचा संघ असं बेभान आक्रमक फुटबॉल खेळत होता की तिकीट म्हणजे वारसाहक्काने मिळायची वस्तू झाली होती. चारच वर्षं आधी हाच क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता, हे त्या गर्दीत कुणाच्या लक्षातही नव्हतं.

तेव्हाचे अध्यक्ष सर जॉन हॉल यांनी मोठा घास घ्यायचं ठरवलं. शेजारच्या कॅसल लीझेसवर, म्हणजे माळाच्याच एका तुकड्यावर, नवंकोरं स्टेडियम. शहर दुभंगलं. एरवी दर शनिवारी मैदानात घसा कोरडा करणारी माणसंही माळ वाचवायच्या सह्या करत होती. 1997 मध्ये बेत सोडून द्यावा लागला आणि जागच्या जागीच वाढ करायचं ठरलं. 2000 मध्ये पश्चिमेचा मिलबर्न आणि उत्तरेचा लीझेस हे दोन स्टँड आज दिसतात तेवढे उंच झाले. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना लीझेसच्या अगदी वरच्या मजल्यावर बसवतात. 14 जिने चढून जायचं आणि वरून खेळाडू मुंग्यांएवढे पाहायचे. यजमानांना या सोयीत काहीही चुकीचं वाटत नाही.

या विस्ताराची एक बाजू मात्र स्टेडियमच्या सहलीत दाखवत नाहीत. 1990 च्या दशकाच्या मध्याला क्लबने चाहत्यांकडून 500 पौंडांचे रोखे भरून घेतले होते. त्या बदल्यात दहा वर्षं तीच खुर्ची राखून ठेवण्याची हमी. बांधकाम सुरू झाल्यावर यातल्या बऱ्याच जणांना पत्रं आली, की तुम्ही दुसरीकडे बसा. त्यांच्या मोक्याच्या जागा कंपन्यांच्या महागड्या पाहुणचारासाठी हव्या होत्या. चाहत्यांनी ‘आमच्या जागा वाचवा’ अशी चळवळ उभारली, कोर्टात गेले आणि हरले. करारातल्या बारीक अक्षरांनी क्लबला वाचवलं. पंगत वाढवायची आणि आहेर देऊन बसलेल्यालाच पानावरून उठवायचं, असा हा प्रकार. स्टेडियम वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा खटला आधी आठवावा.

पुढच्या वीस वर्षांत गर्दीची परीक्षाही झाली. 2009 आणि 2016 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. 2016-17 च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतले सामने पाहायलाही सरासरी 51 हजारांहून अधिक लोक येत होते. याला विरोधी पुरावाही आहे. अ‍ॅश्लींविषयी लोक इतके विटले की रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी जानेवारी 2020 मध्ये क्लबला अर्ध्या हंगामाचे दहा हजार पास फुकट वाटावे लागले. त्यातून एवढंच दिसतं, की इथले लोक पराभव पचवतात, पण क्लबवर मालकाचं प्रेम नाही असं वाटलं की घरी बसतात.

ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने 305 दशलक्ष पौंडांना क्लब विकला गेला आणि चित्र पालटलं. त्या पैशाला लागलेले मानवी हक्कांचे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारणारे चाहतेही आहेत. बहुसंख्य मात्र नाचत होते. 16 मार्च 2025 ला वेम्बलीवर लिव्हरपूलला 2-1 हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठी स्पर्धा त्यांनी त्याआधी जिंकली होती 1955 मध्ये. मिरवणुकीला सुमारे तीन लाख लोक आल्याचं वृत्तपत्रांनी छापलं, आणि मिरवणूक संपली कुठे, तर टाऊन मूरच्या त्याच माळावर.

आज सामन्याचं तिकीट हवं तर वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि सोडतीत नाव टाकायचं. लागलं तर लागलं. म्हणून क्लबपुढे दोन वाटा आहेत. एक, आहे तिथेच गॅलोगेटची बाजू चढवायची आणि 60 हजारांच्या आसपास जायचं. दुसरी, पलीकडच्या लीझेस पार्कात 65 हजारांहून मोठं नवं स्टेडियम बांधायचं. पैशाची अडचण सगळ्यात कमी. प्रीमियर लीगच्या आर्थिक नियमांत खेळाडूंवरच्या खर्चाला मर्यादा आहे, स्टेडियमवरचा खर्च त्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय सामन्याच्या दिवसाची न्यूकॅसलची कमाई आर्सेनलपेक्षा खूपच कमी आहे आणि ती वाढली की खेळाडूंवर खर्च करायची मुभाही वाढते. त्यामुळे मालकांना नव्या, चकचकीत, पाहुणचारकक्षांनी भरलेल्या स्टेडियमचा मोह पडणं समजण्यासारखं आहे. 2028 च्या युरो स्पर्धेचे सामनेही इथे होणार आहेत, म्हणजे त्याआधी मोठी तोडफोड करता येणार नाही. 2025 संपेपर्यंत क्लबने अंतिम निर्णय जाहीर केला नव्हता.

लीझेस पार्क हे न्यूकॅसलचं पहिलं सार्वजनिक उद्यान, 1873 मध्ये खुलं झालेलं. तळं आहे, जुनी झाडं आहेत, शेजारी शहराचं मोठं रुग्णालय आहे. भर शहरात हिरवळीचा एवढा तुकडा उरलाय तो लोकांनी दीडशे वर्षं राखला म्हणून. नवं स्टेडियम जवळच आहे, शहराबाहेर नाही, मग काय बिघडलं, असा युक्तिवाद होतो. बिघडतं एवढंच, की उद्यान एकदा गेलं की परत येत नाही, आणि एका खासगी क्लबच्या वाढत्या कमाईसाठी सार्वजनिक जागा देण्याचा पायंडा पडतो. उद्या कुणी आणखी एक तुकडा मागितला तर नाही कशाच्या आधारावर म्हणणार?

जागच्या जागी वाढ केल्याने पाच-सात हजार खुर्च्या कमी मिळतील, हे मान्य. मैदानाची वेडीवाकडी आकृतीही तशीच राहील. पण या वाकडेपणातच शहर आणि क्लब यांची सव्वाशे वर्षांची तडजोड दिसते. ती मोडून सरळ कटोरा बांधला तर असे कटोरे युरोपात हवे तेवढे आहेत. न्यूकॅसलने गॅलोगेटची बाजू वाढवावी, लीझेस पार्काला हात लावू नये, आणि नव्या खुर्च्यांपैकी निदान निम्म्या सोडतीत वर्षानुवर्षं हरणाऱ्या सभासदांसाठी, परवडणाऱ्या दरात, करारातली अक्षरं ठळक ठेवून लेखी राखून द्याव्यात. एवढी अट मान्य नसेल, तर 52 हजार पुरेसे आहेत.