पाकीट बंद, पत्ता उघडा

व्हॉट्सॲपवरचे सगळे वैयक्तिक निरोप एप्रिल २०१६पासून 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड' आहेत. मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. पण पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. कोणी, कोणाला, केव्हा लिहिलं या नोंदींना मेटाडेटा म्हणतात, आणि तो किरकोळ समजण्यात अर्थ नाही. आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो, असं अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या गुप्तचर संस्थांचे माजी प्रमुख मायकेल हेडन २०१४मध्ये जाहीरपणे म्हणाले होते.

हा मेटाडेटा साठवलाच नाही तर? २०१६मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने 'सिग्नल' या निरोपांच्या ॲपकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागितली. त्यातल्या एका क्रमांकाचं खातं कधी उघडलं आणि सर्व्हरला शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी काही जवळ नव्हतंच!

भारतात मात्र २०२१च्या आयटी नियमांनुसार निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याची सक्ती आहे. तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. त्यासाठी एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर भारत सोडू, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४मध्ये न्यायालयाला सांगितलं.

आणि हो, गूगल ड्राइव्हवरच्या व्हॉट्सॲप चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन तपासा. २०२१मध्ये ही सोय आली, तेव्हा ती ज्याची त्यानेच चालू करायची होती.