वस्त्रगाळ धूळ

1988 साली मी गळ्यात टाय बांधून डोंबिवलीतल्या इमारतींचे जिने चढत असे. एका हातात व्हॅक्यूम क्लीनर, दुसऱ्या हातात नळ्या आणि ब्रश भरलेली बॅग. वेळ दुपारी साडेतीनची, म्हणजे घरातल्या बाईंची झोप झालेली आणि चहाचं आधण अजून ठेवायचं असलेली. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "वहिनी, विकायला नाही आलो, पाच मिनिटं नुसतं दाखवतो." हे वाक्य खोटं असायचं, आणि ते खोटं आहे हे वहिनींनाही ठाऊक असायचं.

मग खरा खेळ. पलंगावरची चादर बाजूला करायची, नळीच्या सांध्यात पांढराशुभ्र रुमाल अडकवायचा आणि गादीवरून अर्धा मिनिट मशीन फिरवायचं. रुमाल काढला की त्यावर बंद्या रुपयाएवढा राखाडी गोल. "अहो, आमच्याकडे रोज झाडलोट होते!" असं म्हणताना वहिनींचा चेहरा पडलेला असे आणि आमची निम्मी विक्री तिथेच झालेली असे. आता तो धंदा सोडून पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही. कुठल्याही घरातल्या कुठल्याही गादीवर तो रुमाल तसाच मळतो. माझ्या घरी मी करून बघितलं होतं.

ही युक्ती आमच्या साहेबांची, असं मी कितीतरी दिवस समजत होतो. पुढे वाचनात आलं की ती 1901 च्या सुमाराची आहे. लंडनचा ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनियर धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र बघून आला. फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, हे त्याच्या डोक्यात बसलं. एका हॉटेलात त्याने खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाला धूळ चिकटली होती. 1901 मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याचं मशीन घोडागाडीवर बसवलेलं असे. गाडी रस्त्यात उभी राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात.

घरात मावणारं मशीन केलं अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँग्लरने. माणूस दुकानात झाडलोट करणारा, त्यात दमेकरी. त्याने पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा लावला. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढे हूवर नावाच्या चामडी सामानाच्या कारखानदाराने ते हक्क विकत घेतले. आधी रुमाल, मग अभ्रा. या यंत्राचा जन्मच फडक्यातून झालेला आहे.

आता मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवतो. मिक्सर, गिझर, इस्त्री असं सगळंच येतं, पण जुन्या ओळखीमुळे व्हॅक्यूम जास्त. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि रोज कोणीतरी विचारतं, "काका, बॅगवालं घेऊ की बॅगलेस?"

बॅगवाल्यात हवा पिशवीतून गाळली जाते आणि मग मोटरकडे जाते. पूर्वी पिशवी कापडी असे, मग कागदी आली, आता बरीचशी न विणलेल्या सिंथेटिक कापडाची, अनेक पदरी असते. वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतात तोच प्रकार. पण गाळणं आलं की चोंदणं आलंच. गाळणीत चोथा साठला की चहा थेंबथेंब पडतो, तशी पिशवी भरत गेली की मशीनची ओढ कमी होते. गंमत अशी की पिशवी निम्मी रिकामी असतानाही हे होतं, कारण बारीक धुळीने तिची छिद्रं बुजतात. गिऱ्हाईक पिशवी हातात धरून म्हणतं, "अजून कितीतरी जागा आहे!" जागा असते, हवेला वाट नसते.

नेमक्या याच गोष्टीने इंग्लंडातला जेम्स डायसन 1978 च्या सुमारास वैतागला. लाकडाच्या कारखान्यात हवेतला भुसा वेगळा करणारा मोठा शंकू त्याने पाहिला होता. तोच लहान करून मशीनमध्ये बसवायचा त्याने ध्यास घेतला आणि 5,127 नमुने केले. पिशव्या विकून कमावणाऱ्या कंपन्यांना बिनपिशवीच्या मशीनचं कौतुक कशाला असणार? त्याचं मशीन विकलं गेलं ते जपानमध्ये, 1986 मध्ये, चक्क गुलाबी रंगात. स्वतःच्या नावाचं मशीन त्याने 1993 मध्ये इंग्लंडच्या बाजारात आणलं आणि मग पारदर्शक डब्यांची लाटच आली.

त्यातलं तत्त्व शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. माझं लहानपण जुन्नरकडचं. खळ्यावर उफणणी चालायची तेव्हा दाणा पायाशी पडायचा आणि भुसकट वाऱ्यावर जायचं. बॅगलेसच्या डब्यात वारा सरळ न जाता गरगर फिरतो. जड कण गोफणीतल्या दगडासारखे बाहेर फेकले जातात, भिंतीला आपटतात आणि तळाशी बसतात. कचरा हवेच्या वाटेत आडवा येत नाही, म्हणून डबा बराच भरला तरी ओढ टिकते. पण भुसकट उडतंच. सगळ्यात बारीक धूळ हवेबरोबर पुढे निघते आणि तिला अडवायला शेवटी फिल्टर लागतो. म्हणजे बॅगलेसमध्ये गाळणं सुटलेलं नाही. आधी पाखडायचं आणि मग गाळायचं, एवढाच फरक. स्वस्तातल्या मशीनमध्ये तर पाखडणंही धड नसतं: एक डबा, मध्ये एक फिल्टर, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'सायक्लोन'.

"मोटर जळली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनची मोटर ठणठणीत असते. मोटरला थंड ठेवणारी हवा बहुतेक मशीनमध्ये त्याच वाटेने येते. वाट चोंदली की मोटर तापते आणि आतला सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. बॅगवाल्याची पिशवी बदलायची, बॅगलेसचा फिल्टर झटकायचा, तासभर थांबायचं, मशीन चालू. त्याचे मी पैसे घेत नाही, पण आधी काय ओढलंत हे मात्र विचारतो. उत्तरं ठरलेली: रांगोळी, उदबत्तीची राख, कॅरमची पावडर, आणि फ्लॅटचं काम काढलं असेल तर पीओपीची भुकटी. पीओपीपुढे पिशवीही हरते आणि फिल्टरही.

पैशाचं गणित लोक चुकीचं मांडतात. "बॅगलेसला काही खर्च नाही," असं दुकानदार सांगतो. माझ्याकडे चांगली पिशवी साधारण शंभर-दीडशेला जाते आणि मध्यम कुटुंबाला महिना-दीड महिना पुरते. वर्षाचे हजार-बाराशे धरा. बॅगलेसचा हेपा फिल्टर वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि कित्येक मॉडेलचा तेवढ्याच किमतीला पडतो. वाचतात ते थोडेफार वाचतात. बॅगवाल्याची खरी अडचण वेगळीच असते: पाच वर्षांनी मॉडेल बंद होतं आणि त्या मापाची पिशवी बाजारात मिळेनाशी होते. चांगली मशीन मी केवळ पिशवीअभावी भंगारात गेलेली पाहिली आहेत. घेण्याआधी सुट्या पिशव्या कुठे मिळतात हे विचारा, आणि मिळत असतील तर दहा घेऊनच ठेवा.

बॅगलेसची अडचण जुलैत कळते. फिल्टर धुवा आणि चोवीस तास वाळवा, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ज्याने लिहिलं त्याने ठाण्याचा पावसाळा पाहिलेला नाही. इथे बनियन तीन दिवस वाळत नाही. फिल्टर वरून कोरडा लागतो, आत ओल असते. तसाच बसवला की ओल्या कुत्र्यासारखा वास घरभर पसरतो आणि मग बुरशी. दोन फिल्टर ठेवा, एक वाळत असताना दुसरा वापरा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्षण यापैकी कुठल्याच जाहिरातीत नसतो. धूळ ओढून झाली. आता ती बाहेर कशी काढायची?

आमच्या हिला दमा आहे. गादीतल्या धुळीत सूक्ष्म किडे असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील एवढे, पाव मिलिमीटरच्या आसपास. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. तिचे कण साधारण वीस मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्याही निम्म्याहून कमी. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी 99.97 टक्के अडवतो, म्हणजे हे कण त्याच्यापुढे धोंडेच. मशीन चालू असताना चांगल्या बॅगलेसमधूनही ते सुटत नाहीत. मग डबा भरतो, आपण झाकण उघडतो, कचऱ्याच्या बादलीत पालथा करतो, आणि इतका वेळ पकडून ठेवलेलं सगळं भसकन तोंडावर येतं. तिथे ना पिशवी असते, ना फिल्टर. आपली फुप्फुसंच फिल्टर. आमच्याकडे दोन वर्षं बॅगलेस होतं. डबा मीच रिकामा करायचो, तरी ही आत खोकायची. आता बॅगवालं आहे, तोंडाला झडप असलेल्या पिशव्यांचं. काढलं, झडप लागली, कचऱ्यात टाकलं.

घरात कोणाला दमा-ॲलर्जी नसेल तर बॅगलेस खुशाल घ्या. डबा जिन्यात किंवा अंगणात, मोठ्या पिशवीत तोंड घालून हळूच रिकामा करा. कानातला डूल ओढला गेला तर डब्यात लगेच दिसतो, हा त्याचा फायदा मी नाकारत नाही. पिशवीतला डूल शोधायला मी वर्तमानपत्र पसरून बसलेलो आहे.

ओढ कोणाची जास्त, या वादात मी पडत नाही. खोक्यावरचे वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, एवढंच. युरोपात 2014 पासून व्हॅक्यूमवर ऊर्जेचं लेबल लावत होते. त्याची चाचणी रिकाम्या पिशवीने होते, खऱ्या घरात पिशवी रिकामी राहते का, असं म्हणत डायसनची कंपनी कोर्टात गेली आणि 2018 मध्ये तिथल्या न्यायालयाने ते लेबलच रद्द केलं. आणि आता पाहा, घरभर स्वतः फिरणारे रोबो आले आहेत. त्यातले काही आपला डबा आपणच तळावर जाऊन रिकामा करतात. कशात? बहुतेकांच्या तळात एक पिशवी असते.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एक आजी जुनं मशीन घेऊन आल्या. ओढत नाही, म्हणाल्या. उघडलं तर मोटरवर राखाडी साय धरलेली. पिशवी मिळेना म्हणून आजींनी मांजरपाटाची शिवली होती, कडांना दुहेरी टीप मारून. काम देखणं होतं, पण त्या विणीतून बारीक धूळ आरामात पलीकडे जाते. स्पँग्लरच्या अभ्र्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग मोटर साफ करून त्यांच्या मापाच्या कागदी पिशव्यांचा पुडा दिला आणि बजावलं, एक भरली की टाकून द्यायची.

परवा पुन्हा आल्या, ओढत नाही म्हणून. आत माझीच कागदी पिशवी होती. तळाला कापून, रिकामी करून, शिलाई मशीनवर परत शिवलेली. सुईच्या प्रत्येक भोकाभोवती राखाडी ठिपका.

"दुहेरी टीप घातली होती रे," आजी म्हणाल्या.