दोन मोटरींचा धटिंगण

रिमोटवर पळणाऱ्या गाडीकडून शौकिनांच्या अपेक्षा साध्या असतात. ती हलकी असावी, जमिनीला धरून असावी, वळणावर लोळू नये. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेल्या क्लॉड बस्टरमध्ये यातलं एकही लक्षण नव्हतं. एक-दशांश मापाची शेव्हरोले पिकअप, तिच्याखाली ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी असलेली अवाढव्य पोकळ चाकं, पुढच्या ॲक्सलवर एक मोटर, मागच्या ॲक्सलवर दुसरी, आणि वळायचं झालं तर चारही चाकं वळणार. वेग बेताचा. सरळ सोडली तरी जराशा खड्ड्यात तोंड फिरवणार. उडी मारली तर चेंडूसारखी टप्पे खात उतरणार. असली गाडी दोन-चार वर्षांत विस्मरणात जायला हवी होती. पण तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि तिच्यावर जेवढी कानस चालली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या रिमोट गाडीवर चालली असेल. माझ्या मते ती टिकली ती या दोषांमुळेच.

अशा अवाढव्य चाकांच्या पिकअपची मूळ कल्पना अमेरिकेतली. मिसूरी राज्यात, सेंट लुईसजवळ बॉब चॅन्डलर यांचं फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानाची चालतीबोलती जाहिरात म्हणून त्यांनी स्वतःची १९७४ ची फोर्ड एफ-२५० पिकअप वाढवायला घेतली. मोठी चाकं लावली, तर ॲक्सल पुरेना. दणकट ॲक्सल घातला, तर इंजिन पुरेना. लष्करी वाहनांचे ॲक्सल आले आणि त्यांच्याबरोबर मागची चाकं वळवण्याची सोयही आली. १९८१ साली एका शेतात या गाडीने दोन भंगार मोटारी चिरडल्या, त्याचं चित्रीकरण झालं आणि ‘बिगफूट’ हे नाव अमेरिकाभर पोचलं. मॉन्स्टर ट्रक हा प्रकार कुठल्या मोटार कंपनीच्या आराखड्यातून आलेला नाही. एक भाग मोडला की त्या जागी आणखी जाडजूड भाग बसवायचा, या गॅरेजवाल्या हट्टातून तो घडत गेला. त्याच्या छोट्या आवृत्तीच्या नशिबीही पुढे तेच आलं.

तामिया ही शिझुओका शहरातली कंपनी. योशिओ तामिया यांनी १९४६ साली सुरू केलेला हा मूळचा लाकडाचा धंदा. पुढे लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिकची, आणि १९७६ मध्ये पोर्श ९३४ च्या रूपाने पहिली रिमोट गाडी. मॉन्स्टर ट्रकची लाट आली तेव्हा कंपनीने आधी सोपी वाट धरली. १९८६ चा ब्लॅकफूट म्हणजे ‘फ्रॉग’ या जुन्या बग्गीच्या सांगाड्यावर चढवलेली मोठी चाकं आणि फोर्डची बॉडी. जोर फक्त मागच्या चाकांना. दिसायला राक्षस, आतून बग्गी. क्लॉड बस्टरमध्ये मात्र त्यांनी पाटी कोरी केली.

ही गाडी समजून घ्यायची तर ॲक्सलपासून सुरुवात करावी लागते, कारण सगळी करामत तिथेच आहे. बहुतेक चारचाकी-जोराच्या गाड्यांत मोटर मध्ये असते आणि तिथून दोन्ही ॲक्सलांकडे शाफ्ट जातात. इथे शाफ्टच नाहीत. प्रत्येक ॲक्सलच्या मधोमध गिअरबॉक्स, त्यालाच चिकटलेली ५४० आकाराची मोटर, आतमध्ये डिफरन्शियल. पुढचा आणि मागचा गिअरबॉक्स हुबेहूब एक, फक्त मागचा उलटा फिरवून लावलेला. याचा एक मजेदार परिणाम होतो. ॲक्सल उलटा बसला की त्याची मोटरही उलटी फिरली पाहिजे, म्हणजे एका मोटरच्या तारा उलट्या जोडाव्या लागतात. नवशिका हटकून दोन्हीकडे लालला लाल आणि काळ्याला काळी जोडतो. मग गाडी जागच्या जागी गुरगुरते, पुढची चाकं एकीकडे ओढतात, मागची दुसरीकडे, आणि बघ्यांची करमणूक होते.

जुळणीचं म्हणाल तर किट उघडल्यावर पहिली संध्याकाळ गिअरबॉक्समध्येच जाते. गिअरच्या दातांना ग्रीस लावायचं ते बोटाने, आणि कमी. थापलं तर फिरताना ते कडेला फेकलं जातं आणि दातांवर काहीच उरत नाही. स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये शिरतात, तिथे आधीपासून आटे नसतात. स्क्रूच आपले आटे पाडत जातो. हात सरावलेला माणूस स्क्रू अर्धा आत नेतो, थोडा मागे घेतो, मग पुन्हा आत. एकदा आटे गेले की त्या भोकाचा भरवसा संपला. आणि पेचकस जपानी मापाचा हवा. या स्क्रूंच्या खाचा जपानी मापाच्या असतात. आपल्याकडचा नेहमीचा चौफुली पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर उसळतो आणि डोकं खाऊन टाकतो. या एका हत्यारावर पैसे वाचवू नयेत. जुळणी झाल्यावर बंद गिअरबॉक्सचा ॲक्सल हाताने फिरवून बघायचा. एकसारखी मऊ घरघर आली तर ठीक. मध्येच टक् वाजलं तर उघडा परत, एखादा वॉशर राहिलाय.

आता दुखणी. पहिलं आणि सगळ्यांत कुप्रसिद्ध दुखणं स्टिअरिंगचं. चाकं वळवणारी सर्व्हो मोटर चॅसीवर बसवलेली, आणि तिच्यापासून लांब दांडे पुढच्या-मागच्या ॲक्सलपर्यंत गेलेले. गाडी दगडावर चढली की ॲक्सल वर उचलला जातो. तो एका कमानीत फिरतो, स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या कमानीत. दोन्हींतला फरक कुठेतरी जिरायला हवा, तो चाकांत जिरतो. तुम्ही रिमोटला हातही लावलेला नसतो आणि चाकं आपणहून वळतात. त्यात मागची चाकंही याच भानगडीत असल्याने गाडी बोळातून जाणाऱ्या तर्र माणसासारखी दोन्ही भिंतींना विचारत जाते.

यावरचा इलाज शौकिनांनीच काढला: सर्व्हो चॅसीवरून उतरवून थेट ॲक्सलवर बसवायची. मग ॲक्सल कितीही नाचला तरी सर्व्हो त्याच्याबरोबर नाचते, दोघांतलं अंतर बदलत नाही, दांडाही बोटभर पुरतो. एका सर्व्होच्या जागी दोन लागतात, पण त्याचा वेगळाच फायदा होतो. मागची सर्व्हो रिमोटच्या तिसऱ्या चॅनलवर घेतली की मागची चाकं स्वतंत्रपणे, अंगठ्याने वळवता येतात, खऱ्या मॉन्स्टर ट्रकचा चालक वळवतो तशी. मात्र या जड चाकांना वळवायला सर्व्होही तशीच ताकदीची लागते. धातूच्या गिअरची, २० किलो-सेंटिमीटरच्या आसपासची. अशी सर्व्हो जोर लावताना एवढा करंट ओढते की रिसीव्हरला पुरेसा व्होल्टेज उरत नाही आणि गाडी क्षणभर बहिरी होते. तेव्हा सर्व्होला वेगळा वीजपुरवठा द्यायचा, म्हणजे आणखी एक छोटी पेटी आणि आणखी तारा. एक दुरुस्ती केली की ती दुसरी मागून घेते. चॅन्डलर यांच्या पिकअपचंही तेच झालं होतं.

दुसरं दुखणं उसळण्याचं. प्रत्येक चाकामागे दोन असे मूळ गाडीत आठ शॉकअप आहेत. दिसायला भरगच्च, पण आत तेल नाही. स्प्रिंग दाबली जाते आणि तितक्याच जोमाने परत सुटते, तिला आवरणारं कुणी नाही. भरीला मोटर आणि गिअरबॉक्स ॲक्सलवरच असल्याने बरंचसं वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं, आणि ते वजन खड्ड्यात गेलं की वरच्या हलक्या बॉडीला हादरवून सोडतं. आठ काढून चार तेलाचे लांब शॉकअप घातले की गाडीचा स्वभावच बदलतो. यात खरं कसब तेल भरण्यात आहे. पिस्टन हळूहळू वर-खाली करत बुडबुडे बाहेर काढायचे, नळी उभी ठेवून थोडा वेळ थांबायचं, मग झाकण लावायचं. हवा राहिली तर शॉकअप दाबताना फुसफुसतो.

लांब शॉकअप घालायचे तर मूळ प्लास्टिकची चॅसी आड येते. मग पुढची पायरी, ॲल्युमिनियमच्या दोन बाजूपट्ट्यांची चॅसी आणि ॲक्सल धरायला चार-चार लांब दांडे. अमेरिकेत असे तयार संच विकणारे छोटे धंदे क्लॉड बस्टरभोवतीच उभे राहिले. इथपर्यंत आलेल्या गाडीत तामियाचं काय उरलं, तर दोन ॲक्सल आणि कधीकधी चाकं. पण ते ॲक्सल पुरेसे ठरले. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांचा छंद अमेरिकेत रुजत होता तेव्हा अनेकांनी क्लॉडचेच ॲक्सल वापरले, कारण मध्ये शाफ्ट नसल्याने चॅसी हवी तशी वाकवता येत होती.

डिफरन्शियलचा इलाज सोपा आणि थोडा रानटी आहे. एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्याच चाकात वाया जातो, म्हणून आतले गिअर इपॉक्सीने किंवा गरम गोंदाने जाम करून टाकतात. दोन्ही चाकं एकजीव होतात. वळण घेताना टायर घासतात, पण मातीत ते चालून जातं.

मोटरीचा विषय मात्र मुलांचा आवडता आणि माझ्या मते सगळ्यांत कमी महत्त्वाचा. किटमधली ५४० मोटर २७ फेऱ्यांच्या वळणाची असते. फेरे कमी केले की मोटर जोरात फिरते, जास्त करंट खाते, जास्त तापते. आणि इथे मोटरी दोन आहेत, समांतर जोडलेल्या. स्पीड कंट्रोलरवर दुप्पट भार पडतो, तेव्हा तो दोन मोटरी झेपणारा हवा. शिवाय रेसिंगच्या मोटरींचे ब्रश एका दिशेने फिरण्यासाठी किंचित सरकवलेले असतात. उलट्या बाजूची मोटर मग सुलट बाजूपेक्षा मंद फिरते आणि गरम होते. सुरुवातीच्या काळात तर स्पीड कंट्रोलर म्हणजे एका सर्व्होने सरकवायचा यांत्रिक खटका आणि चटका बसेल इतका तापणारा रेझिस्टर असे. निकेल-कॅडमियमच्या सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी थोड्याच वेळात आटायची. आता लिथियम-पॉलिमर आली. तिचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय की’ म्हणून वापरणाऱ्यांना मी घरात घेत नाही.

आपल्याकडे हा छंद महागडाच. किट परदेशातून मागवायचं, त्यावर सीमाशुल्क भरायचं, आणि चाक वळवणारा एक नकल मोडला की पुन्हा त्याच वाटेने जायचं. पण पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला एक सुख आहे, भोसरीच्या लेथवाल्यांचं. मी ॲल्युमिनियमचे दांडे करून घ्यायला गेलो तेव्हा कारागीर हातातलं चित्र बघून म्हणाला, “साहेब, एवढ्याशा कांडीसाठी मशीन लावू?” मग गाडीचा फोटो बघितला. दांडे तर त्याने केलेच, वर टोकाचे आटे कमकुवत पडतील म्हणून ते खोलवर पाडून दिले आणि पैसे घेताना विचारलं, मागची चाकं का वळतात? कंपनीच्या माहितीपत्रकात इतका नेमका प्रश्न कुणाला सुचलेला मला दिसला नाही.

आज दुकानात मिळणारे तयार मॉन्स्टर ट्रक क्लॉडपेक्षा कितीतरी सरस आहेत. डब्यातून काढा, पाण्यात घाला, छपरावरून टाका, चालतात. ज्याला फक्त पळवायचंय त्याने तेच घ्यावेत, मी अडवणार नाही. पण त्यांत हात घालायला जागा नसते. काही मोडलं की नवा भाग आणून लावायचा, झालं. क्लॉड बस्टर दर थोड्या दिवसांनी मालकाला एखादा प्रश्न घालते, आणि उत्तर बहुधा पेचकस, पक्कड आणि थोड्या भूमितीच्या आवाक्यातलं असतं. शाळेतल्या पोराला दांड्यांच्या कमानी फळ्यावर समजावण्यापेक्षा ही गाडी एकदा दगडावरून नेऊन दाखवावी.

घेणाऱ्याला एवढंच सांगेन: आधी किट जसं आहे तसं जोडा आणि काही दिवस तसंच चालवा, म्हणजे कुठे खुपतं ते तुमचं तुम्हाला कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले पैसे बुश काढून बॉल-बेअरिंग घालण्यावर खर्च करा, दुसरे ॲक्सलवरच्या सर्व्होंवर, तिसरे तेलाच्या शॉकअपवर. मोटरीला हात सगळ्यात शेवटी.