निदानपरिवर्जन आणि उशाशी असलेला मोबाईल

अनिद्रा, शिरःशूल, अग्निमांद्य व चिडचिड या तक्रारी घेऊन येणारे तरुण रुग्ण आता सर्वच वैद्यांच्या परिचयाचे आहेत. अशाच एका महाविद्यालयीन रुग्णेस आम्ही 3 महिने अश्वगंधा चूर्ण व ब्राह्मी घृत दिले, पादाभ्यंग सांगितले. परंतु उपशय अल्पच मिळाला. रात्री 2 वाजेपर्यंत ती इन्स्टाग्राम पाहते, हे तिच्या आईने सांगितले तेव्हा कळले. औषध चुकले नव्हते. आमची प्रश्नपरीक्षा अपुरी पडली होती.

केवळ अधिक वापर म्हणजे व्यसन नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी 2005 मध्ये व्यसनाची 6 लक्षणे मांडली : मनात सतत तोच विषय, मन रमविण्यासाठी त्याचाच आधार, वाढती मात्रा, न मिळाल्यास अस्वस्थता, त्यावरून घरात वा कामात संघर्ष आणि सोडूनही पुन्हा वळणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, समाजमाध्यमांच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद नाही. म्हणून निदानाचा शिक्का मारण्याची घाई नको.

आयुर्वेदीय दृष्टीने येथे चक्षुरिंद्रियाचा अतियोग, म्हणजे असात्म्येंद्रियार्थसंयोग आहे. अहित कळूनही हात आवरत नाही, हा धृतिभ्रंश, म्हणजेच प्रज्ञापराध होय. त्यात रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते आणि निद्रा हा उपस्तंभच ढासळतो.

सवय एकाएकी तोडल्यास रुग्ण टिकत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 7 व्या अध्यायात सांगितलेला पादांशिक क्रम येथे उपयोगी पडतो. रोजचा वापर 4 तास असेल, तर प्रथम 1 तास कमी करावा. त्या वेळात फिरणे, अभ्यंग वा कुटुंबासमवेत भोजन योजावे. मोबाईल शयनगृहाबाहेर ठेवावा. या क्रमाने आमच्या रुग्णेची झोप दीड महिन्यात बरीच सुधारली. औषधे तीच होती.

तीव्र विषाद वा आत्मघाताचे विचार आढळल्यास मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. झोपेचे चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास ‘रात्री मोबाईल कुठे असतो?’ एवढे अवश्य विचारावे. हेतू कायम ठेवून दिलेले औषध रुग्णास बरे करीत नाही. ते केवळ त्याला पुन्हा पुन्हा दुकानात आणते.