साखर प्रथिनांना चिकटते तेव्हा…

मधुमेहासाठी करतात त्या एचबीए१सी तपासणीच्या रिपोर्टमधला टक्क्यांचा आकडा नेमका कशाचा? रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला चिकटतं, त्याचा! तेही कुठल्याही एन्झाइमशिवाय, आपसूक. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात दिसतो. साखर अशी प्रथिनांना चिकटण्यालाच ग्लायकेशन म्हणतात. भाकरीवरच्या खरपूस डागांमागेही हेच रसायन. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं तर जन्मभर बदलली जात नाहीत, त्यामुळे तिथे ही चिकटलेली साखर साचतच जाते.

मग साखरेला चिकटायला दुसरंच काही दिलं तर? ग्लुकोजला प्रथिनांतलं लायसिन फार प्रिय, म्हणून मोकळं लायसिन हे एक आमिष. पण माझं लाडकं आहे कार्नोसिन. बीटा-अ‍ॅलानिन आणि हिस्टिडिन यांची ही चिमुकली जोडी १९०० साली रशियन शास्त्रज्ञ गुलेविच यांना मांसाच्या अर्कात सापडली. मटण, चिकन, मासळीत ती असते, डाळी-भाज्यांत नाही.

प्रयोगनळीत कार्नोसिन झकास काम करतं, उंदरांतही आशा दाखवतं. गोची पुढे आहे. माणसाच्या रक्तात कार्नोसिनेज नावाचं एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं. उंदरांच्या रक्तात ते नसतंच! त्यामुळे उंदरांचे निकाल दाखवून कुणी महागडा डबा विकत असेल, तर मी तरी घेणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांना कार्नोसिन हा पर्याय नाहीच. संशोधक आता कार्नोसिनेजला दाद न देणारे कार्नोसिनचे भाऊबंद घडवताहेत. त्यातल्या एकाचं नाव कार्नोसिनॉल.